फ्लोरस्पार आणि आपण कामकरी माणसे



चालकांनी मला निमंत्रणाचे पत्र धाडले तेव्हा विषयाची जागा मोकळी ठेवली होती. त्यांची कल्पना अशी असावी की, हा युनियनचा माणूस, हा संपावर बोलेल, फार तर किमान वेतनावर बोलेल. मी 'फ्लोरस्पार' असे लिहून पाठवले. दुसऱ्याच दिवशी चालकांपैकी एकाचा फोन आला. म्हणाले, "भाऊ, हे कोण्या गावाचं नाव होय काय?" मी म्हटले, गाव नव्हे, दगड आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "दगडावर तासभर बोलान?" बोलेन, असे सांगितले आणि आता आलो आहे.

मी शास्त्राचा पदवीधर नाही. दहावीनंतर शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर, रात्रपाळीत आणि कोर्टाच्या तारखांना थांबून राहताना झाले. रसायनशास्त्राचे पहिले पुस्तक मी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी उघडले, आणि तेही ज्ञानाच्या ओढीने नव्हे, तर एका माणसाच्या भरपाईच्या अर्जात काय लिहावे हे मला कळेना म्हणून. त्या माणसाची हकीकत पुढे येईलच. तेव्हा माझ्या बोलण्यात पंडिताचा नेमकेपणा नसला तर सांभाळून घ्यावे. मात्र आकडे सांगेन ते तपासलेलेच सांगेन. युनियनच्या माणसाला आकड्यात चूक परवडत नाही. समोरचा मालक तेवढीच एक चूक धरून बसतो.

माझ्या हातात दोन वस्तू आहेत. हा फिकट जांभळ्या रंगाचा खडा आणि हा वेल्डिंगचा रॉड. खडा पहिल्या रांगेपासून फिरवा. लहान मुलांच्या हाती दिला तरी चालेल, फक्त तोंडात घालू देऊ नका. हा चंद्रपूरकडच्या एका खाणकामगार मित्राने मला दिला. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव म्हणून ठिकाण आहे, तेथे याचा साठा सापडलेला आहे. आपल्या देशातला मोठा साठा गुजरातेत आंबाडोंगरला. नाशिक जिल्ह्यात महोदरीच्या खाणीत आपल्याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून याचे पिवळे, मण्यासारखे गोल गोळे निघतात आणि जगभरचे हौशी लोक ते कपाटात मांडून ठेवतात. सुरुंगानंतर त्या पोकळीत हात घालून तो गोळा बाहेर काढणाऱ्या माणसाला त्यातले किती मिळत असेल, याचा अंदाज आपण करू शकता.

दिसायला हा गारगोटीचा भाऊ वाटतो, पण तो गारगोटी नव्हे. ओळखण्याची खूण सोपी आहे. गारगोटी काचेवर ओढली तर ओरखडा उठतो, हा ओढला तर उठत नाही. उलट साध्या चाकूने यावर रेघ निघते. हातोडीने बेताने ठोकला तर वेडावाकडा फुटत नाही, आठ पैलूंच्या तुकड्यांत फुटतो, जणू आतून कोणी आखून ठेवले आहे. पाण्याच्या सव्वातीन पट, किंचित कमीच, जड. आणि अंधारात तव्यावर याची भुकटी तापवली तर पुष्कळदा ती निळसर चमकते. हा प्रयोग मी घरी केला. कुटुंबाने तवा पुन्हा चुलीवर चढू दिला नाही, नवा आणावा लागला. इंग्लंडात केंब्रिजला स्टोक्स नावाचे प्राध्यापक होते. न दिसणारे किरण शोषून दिसणारा उजेड बाहेर टाकण्याचा काही पदार्थांचा जो गुण आहे त्याला त्यांनी १८५२ साली नाव दिले, ते याच दगडाच्या नावावरून. परवापरवापर्यंत आपल्या घरोघरी जी ट्यूबलाइट होती तिचे शास्त्रीय नाव या खड्याच्या घराण्यातले आहे.

याचे रसायनशास्त्रातले नाव कॅल्शियम फ्लोराइड. कॅल्शियम म्हणजे चुन्यातली धातू, आपल्या हाडांतली धातू. फ्लोरिन हा एक वायू, आणि वायू कसला, साऱ्या मूलद्रव्यांत सर्वांत तापट. तो कोणाशीही झोंबतो. काच, लोखंड, पाणी, काही सोडीत नाही. अशा तापट माणसाची गाठ चुन्यासारख्या शांत बाईशी पडावी आणि दोघांचा संसार असा जमावा की, एक लिटर शुद्ध पाण्यात हा दगड कितीही घोळला तरी १५-१६ मिलिग्रॅमच विरघळतो! सुमारे १४०० अंशांपर्यंत तापवला तरी तो वितळत नाही. हे जोडपे फोडायचे म्हणजे किती सायास पडतात आणि फुटले म्हणजे काय अनर्थ होतो, हीच या दगडाची सगळी कथा आहे.

पण आधी त्याचे चांगले काम सांगतो. लॅटिन भाषेत 'फ्लुएरे' म्हणजे वाहणे. जर्मनीकडे खाणींच्या एका गावात अॅग्रिकोला नावाचा वैद्य होता. त्याने १५३० साली छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे की, धातू गाळणारे लोक भट्टीत हा दगड टाकतात म्हणजे बाकीचे दगड पाण्यासारखे वाहू लागतात. ही विद्या त्याने शोधलेली नव्हे. ती भट्टीवाल्यांची विद्या, त्याने फक्त त्यांच्यापाशी बसून विचारली. आपल्याकडच्या किती विद्या अशा कोणी न विचारताच गेल्या! याच अॅग्रिकोलाचा खाणकामावरचा मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५५६ साली निघाला. त्यात तो सांगतो की, कार्पेथियन डोंगरातल्या खाणींच्या मुलखात सात-सात नवरे केलेल्या बायका आढळतात, कारण धुळीने नवरे एकामागून एक मरतात. धातूच्या शास्त्राच्या पहिल्या मोठ्या ग्रंथांपैकी हा एक, आणि त्यात कामगाराच्या फुप्फुसाचा हिशेब आहे. पुढच्या पुस्तकांतून तो कुठे गेला कोण जाणे.

भट्टीत हा दगड काय करतो? आपण गुऱ्हाळावर गेला असाल. कढईत रस उकळू लागला की गुळव्या त्यात रानभेंडीचे चिकट पाणी टाकतो. रसातला मळ फेसाबरोबर वर येतो, तो झाऱ्याने काढून टाकतात, त्याला आपण मळी म्हणतो. पोलादाच्या भट्टीतही असेच असते. लोखंडातला गंधक आणि फॉस्फरस ओढून घेण्यासाठी चुना टाकावा लागतो, त्याची मळी वर तरंगते. परंतु चुना वितळायला अडीच हजार अंशांहून अधिक उष्णता हवी आणि भट्टीत तर सोळाशे-सतराशेच्या आसपास. मळी घट्ट, कोरडी राहिली तर तिच्यात मळ शिरणार कसा? तेथे फ्लोरस्पारची ओंजळ टाकली की मळी पातळ होते, हलते, वाहते. गुऱ्हाळातले काम आणि हे काम तंतोतंत एक नव्हे, हे मलाही माहीत आहे. पण मळी पातळ असली तरच ती काम करते, एवढे ध्यानात राहिले तरी पुरे.

१८८६ हे साल या दगडाच्या घराण्यात मोठ्या धामधुमीचे. त्या एका वर्षात अमेरिकेत हॉल आणि फ्रान्सात एरू, दोघे विशी नुकतीच ओलांडलेले तरुण, एकमेकांना न ओळखता एकाच युक्तीवर पोचले. अॅल्युमिनियमची माती वितळवायला दोन हजारांवर अंश लागतात. पण क्रायोलाइट नावाचा फ्लोरिनचाच एक दगड आहे, तो वितळवला तर त्यात ती माती साडेनऊशे अंशांच्या सुमारास साखरेसारखी विरघळते, आणि मग त्यातून वीज सोडून धातू वेगळी काढता येते. त्यापूर्वी अॅल्युमिनियम राजेरजवाड्यांच्या पंगतीची वस्तू होती. नंतर ती आपल्या घरात पातेले, डबा, किटली होऊन आली. तो नैसर्गिक क्रायोलाइट ग्रीनलंडमधल्या एका खाणीतून येई. ती खाण १९८७ साली संपली. आता तो आणि त्याच्या जातीचे क्षार फ्लोरस्पारपासून कारखान्यात बनवतात. म्हणजे घरातल्या अॅल्युमिनियमच्या डब्यामागेही हा खडा उभा आहे.

त्याच १८८६ साली, २६ जून रोजी, पॅरिसमध्ये मोइसाँ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने फ्लोरिन वायू पहिल्यांदा मोकळा केला. त्याआधी पाऊणशे वर्षे लोक त्याच्या मागे होते. आयर्लंडातले नॉक्स बंधू विषबाधेने अंथरुणाला खिळले, बेल्जियमचा लुयेत त्यातच मेला. मोइसाँने प्लॅटिनमची नळी घेतली, ती खूप थंड केली आणि तिची तोंडे बंद करायला बुचे कशाची वापरली? याच फ्लोरस्पारची! ज्या दगडातून तो वायू आला तो दगडच त्याला धरून ठेवू शकत होता. बाकी सारे तो खाऊन टाकतो. मोइसाँला १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९०७ च्या फेब्रुवारीत, चोपन्नाव्या वर्षी, तो वारला.

कारखान्यात या दगडावर गंधकाचे आम्ल टाकून तापवतात. मागे जिप्सम उरते आणि वर हायड्रोफ्लोरिक आम्ल येते. एक टन आम्लाला दोन टनांहून थोडा अधिक दगड लागतो. या आम्लातून पुढे शीतयंत्रातला वायू, न चिकटणाऱ्या तव्याचा लेप, पुष्कळ औषधे, युरेनियम शुद्ध करण्याची प्रक्रिया आणि हल्लीच्या मोबाइलमधल्या बॅटरीचा क्षार, अशी लांबलचक वंशावळ निघते. ती सगळी सांगत बसलो तर मधल्या रांगेतले लोक घड्याळ पाहू लागतील. पण या आम्लाविषयी एक गोष्ट मात्र ठासून सांगतो, कारण आपल्यापैकी कोणाचा मुलगा ट्रक धुण्याच्या किंवा अॅल्युमिनियम उजळवण्याच्या कामावर असेल. तसल्या काही द्रावणांत हे आम्ल असते. ते पातळ असेल तर अंगावर उडाले तरी लगेच आग होत नाही. माणूस हात पुसतो आणि काम करीत राहतो. काही तासांनी हाडात कळ सुरू होते. कारण ते आत शिरून कॅल्शियम शोधीत जाते, रक्तातलेसुद्धा. कॅल्शियम फार कमी झाले तर हृदय थांबू शकते. ताबडतोब भरपूर पाण्याने धुणे, कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम चोळणे आणि डॉक्टरला 'हे आम्ल होते' असे नाव घेऊन सांगणे, हा त्यावर उपाय. मलमातले कॅल्शियम काय करते? तापट वायूला पुन्हा चुन्याशी बांधून टाकते. म्हणजे त्या कामगाराच्या कातडीत आपण हाच दगड, सूक्ष्म प्रमाणात, परत घडवतो.

आता हा रॉड. वेल्डर मंडळी सभागृहात असतीलच, ते लांबूनही ओळखतील. हा लो हायड्रोजन रॉड, सत्तर-अठरा. बाहेरची ही जी करड्या रंगाची साल दिसते, तीत चुनखडी आणि फ्लोरस्पार असतात. साधे रॉड घराच्या फाटकाला, शेतीच्या अवजाराला चालतात. पण पूल, दाबाची टाकी, मोठी पाइपलाइन असली की हाच लागतो. कारण वितळलेल्या लोखंडात ओलाव्यातला हायड्रोजन शिरला तर जोड वरून चांगला दिसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतून तडकतो. या सालीमुळे हायड्रोजन कमी राहतो, मळी पातळ होऊन जोडावर पसरते. म्हणून हा रॉड ओला चालत नाही. पुडा फोडल्यावर तो ओव्हनमध्ये ३०० अंशांच्या आसपास तासभर तरी भाजावा लागतो, आणि मग गरम पेटीत ठेवून एकेक काढून वापरावा लागतो.

मी सतराव्या वर्षी अशा एका साइटवर हेल्पर लागलो. काम टाक्यांचे. ठेकेदाराचे नाव घेत नाही, त्याचे आता काही उरलेलेही नाही. माझे काम ओव्हनमधून रॉड काढून वस्तादापाशी पोचवणे. वस्ताद मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडचे. हात असा की जोडावर मोत्यांची रांग बसावी. दात पिवळे-तपकिरी, त्यावर आडव्या रेघा. आम्ही पोरे समजायचो की तंबाखूने झाले असतील, पण वस्ताद तंबाखू खात नसत. त्या ओव्हनजवळ एक वही टांगलेली असे. दर दोन तासांनी तीत तपमान लिहायचे आणि सही करायची. एकदा थंडीच्या दिवसांत मी भाकरीचा डबा त्या ओव्हनमध्ये गरम करायला ठेवला. इंजिनियरसाहेबांनी पाहिला आणि एक दिवसाची मजुरी कापली, कारण भाकरीतली वाफ रॉडला लागते. त्यांचे बरोबर होते, शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर होते. पण टाकीच्या आत, जेथे वारा नाही, तेथे वस्ताद आठ-आठ तास तो धूर घेत. त्या धुराची वही कुठेच टांगलेली नव्हती.

हे मला तेव्हा सुचले नाही. पुष्कळ वर्षांनी सुचले.

त्या धुरात काय असते? मुख्यतः लोखंडाचा गंज, मँगनीज, आणि या रॉडच्या बाबतीत फ्लोराइड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. हवेत फ्लोराइड किती असावे याची मर्यादाही आपल्याकडे पूर्वीच छापली गेली. १९४८ च्या कारखाने कायद्याला १९८७ च्या दुरुस्तीने जे दुसरे परिशिष्ट जोडले, त्यात घनमीटरला अडीच मिलिग्रॅम असा आकडा आहे. टाकीच्या आत कोणी तो मोजलेला मी पाहिला नाही. आम्हांला धूर ओढणाऱ्या पंख्यासाठी अर्ज करता येतो, हेही माहीत नव्हते.

वस्ताद पन्नाशीला आले तेव्हा त्यांची मान वळेना. पाठीचा कणा बांबूसारखा ताठ झाला. डोक्यावरचा जोड मारायचा तर मान मागे टाकावी लागते, तेच होईना. धापही लागे. काम सुटले. तोवर मी युनियनमध्ये आलो होतो. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "भाऊ, मले काही कायदा समजत नाही. पन हे कामापायी झालं का नाही, एवढं तरी कोनी लिहून देईल का?"

मी १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा काढून बसलो. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात रोगांची यादी होती, आणि तीत शब्द सापडले: फ्लोरिन व त्याची विषारी संयुगे यांच्यामुळे होणारे रोग. मला हर्ष झाला. तेव्हाच मी रसायनशास्त्राचे ते पुस्तक उघडले. पण कायद्याच्या पुढच्या पानावर अट होती की, त्या वर्गातल्या रोगासाठी कामगाराने त्याच एका मालकाकडे सलग सहा महिने काम केलेले असले पाहिजे, दुसऱ्या मालकाकडचे त्याच जातीचे काम धरायचे नाही. वस्तादांनी एकवीस वर्षे रॉड धरला होता. पण हजेरीपटावर त्यांचे नाव कुठेही सलग सहा महिने नव्हते. पाचवा महिना सरला की नाव कापायचे, आठ दिवसांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या पटावर चढवायचे. जागा तीच, टाकी तीच, होल्डर तोच. ही रीत रजा आणि बोनस चुकवण्यासाठी पडली असेल असे मी समजत होतो. तिने माणसाचा रोगसुद्धा चुकवता येतो, हे त्या दिवशी कळले. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. व्यवसायजन्य रोगांची यादी त्या संहितेतही आहे. म्हणून मी पोरांना आजही सांगतो की, पगाराची चिठ्ठी, गेटपास, जे हाती येईल ते कागद जपून ठेवा.

तरी आम्ही अर्ज केला. लघवीत फ्लोराइड किती आहे याची तपासणी करता येते. ती करून घेतली आणि प्रमाण जास्त निघाले. पलीकडच्या बाजूने तत्काळ उत्तर आले: हा मनुष्य पांढरकवड्याकडचा, त्याचे दात पाहा, त्याला हे विहिरीच्या पाण्यातून झाले आहे, कामाचा संबंध नाही. मी त्यांच्या गावी गेलो. तेथल्या एका कार्यालयात विचारले की, या गावच्या पाण्याची तपासणी केव्हा झाली? उत्तर मिळाले की, हा इसम वीस वर्षे बाहेर वेल्डिंग करीत होता, त्याचे दुखणे तिकडचे. कारखाना म्हणे पाणी, गाव म्हणे कारखाना. मधे वस्ताद उभे, मान न वळवता दोन्हींकडे पाहत.

आणि शास्त्रदृष्ट्या दोघांचेही म्हणणे अर्धे खरे असू शकत होते! हेच मला अनेक रात्री खुपत राहिले. म्हणून पाण्याचा भाग थोडा सविस्तर सांगतो. तो आपल्याही उपयोगाचा आहे.

आपला वाशीम तालुका, मालेगाव, रिसोड, हा सारा काळ्या पाषाणाचा मुलूख. या पाषाणात फ्लोराइड फारसे नाही. आपली पैनगंगा येथून खाली उतरत यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या मधून जाते. तिकडे पांढरकवडा, झरी-जामणी या टोकाला हा काळा पाषाण पातळ होत संपतो आणि खालचे जुने खडक वर येतात. नदीपलीकडे किनवटला ग्रॅनाइट लागतो. त्या जुन्या खडकांत फ्लोराइडची खनिजे पसरलेली असतात. पाण्यात त्यांचा अंश उतरतो.

मघाशी मी म्हटले की, लिटरमध्ये १५-१६ मिलिग्रॅमच फ्लोरस्पार विरघळतो. त्यातले फ्लोराइड सात-साडेसात मिलिग्रॅम. ऐकायला थोडे वाटते. पण पिण्याच्या पाण्याची आपल्या भारतीय मानकाची मर्यादा एक मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड. म्हणजे दगड कंजूस असला तरी आपल्या हाडांना तेवढे पुष्कळ होते. आता गंमत अशी की, पाण्यात आधीच चुना भरपूर असेल, म्हणजे पाणी जड असेल, तर फ्लोराइड फार वाढू शकत नाही, चुना त्याला खाली बसवतो. पण खोल बोअरचे पाणी वर्षानुवर्षे खडकात मुरत राहते. त्यातला चुना निघून जातो, सोडा वाढतो, पाणी मऊ होते. अशा पाण्यात फ्लोराइड मोकळे फिरते. डाळ चांगली शिजते, साबणाला फेस येतो, बाया म्हणतात, "पानी गोड हाय." जुन्या उथळ विहिरीचे जड पाणी लोकांनी सोडले आणि हापशाचे गोड पाणी धरले, तेथे काही गावांत हे दुखणे नव्याने दिसू लागले. म्हणून आपल्याकडे काळा पाषाण आहे म्हणून निर्धास्त राहू नये. खोल बोअरचे पाणी तपासून घ्यावे. आणि उकळल्याने फ्लोराइड जात नाही, पाणी आटून उलट दाट होते, हे घरी सांगावे.

शरीरात गेल्यावर ते काय करते? आपल्या दाताचे आणि हाडाचे खनिज कॅल्शियम-फॉस्फेटचे असते. फ्लोराइड त्यात शिरून बसते. अगदी थोडे असेल तर दात घट्ट होतात, म्हणूनच तर टूथपेस्टमध्ये घालतात. जास्त झाले की, सात-आठ वर्षांच्या आत ज्यांचे पक्के दात घडत असतात त्या मुलांच्या दातांवर डाग कायमचे बसतात. आणखी वर्षे गेली की हाडे जड होतात, सांध्यांचे बंध चुनखडीसारखे कडक होतात. आपल्या देशात हा रोग १९३७ साली मद्रास इलाख्यात नेल्लोरकडे प्रथम नोंदला गेला, आणि त्याची चाहूल पहिल्यांदा बैलांच्या लंगडण्यावरून शेतकऱ्यांना लागली होती असे सांगतात. डाग पडलेल्या दातांच्या मुलींना स्थळे मिळत नाहीत, हे मात्र मला कोणी सांगावे लागले नाही. वस्तादांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या बोलाचालीत मी स्वतः बसलो होतो. मुलाच्या मामाने तिला हसायला सांगितले होते.

यावर उपाय आपल्या नागपुरातच निघाला. 'नीरी' म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, तेथल्या लोकांनी १९७० नंतरच्या दशकात एक रीत बसवली. तिला नलगोंडा पद्धत म्हणतात, कारण आंध्रातल्या, आता तेलंगणातल्या, त्या जिल्ह्यात ती वापरली गेली. पाण्यात चुना आणि तुरटी मोजून घालायची, ढवळायचे, तासभर स्थिर ठेवायचे. तुरटीचे जे लोणीसारखे साके होते त्याला चिकटून फ्लोराइड तळाशी बसते, वरचे पाणी काढून घ्यायचे. तुरटी किती, हे पाण्याच्या तपासणीवरून ठरते. अंदाजाने टाकू नये. आणि खालचा गाळ पुन्हा विहिरीपाशी ओतू नये. हे मी इतके बजावून सांगतो, कारण एके ठिकाणी नेमके तेच चाललेले मी पाहिले.

वस्तादांचा अर्ज फेटाळला गेला. अपील करण्याआधीच ते गेले. दाखल्यावर डॉक्टरांनी दमा असे लिहिले. मी डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे ना धुराची वही होती ना विहिरीची. पुढे त्या भागातल्या दुसऱ्या एका कामावर आम्ही दोन गोष्टी मागितल्या. टाकीच्या आत धूर ओढणारा पंखा, आणि ओव्हनच्या वहीच्या शेजारी दुसरी वही. तीत वेल्डरचे नाव, टाकीत किती तास, कोणत्या ठेकेदाराकडे. पंखा सतरा दिवसांच्या वाटाघाटीनंतर आला. वहीला मात्र व्यवस्थापनाने पुष्कळ आढेवेढे घेतले. पंख्याला पैसे लागतात, वहीला काही लागत नाही, तरी वहीचीच भीती जास्त! शेवटी वही आम्हीच घेतली, दोनशे पानी, येथल्याच दुकानातून, आणि पोरे स्वतः लिहू लागली. पहिल्या पानावर कोणीतरी वस्तादांचे नाव लिहून ठेवले होते, तास म्हणून समोर काहीच नाही.

ती वही आज मी बरोबर आणली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी सभा संपल्यावर टेबलापाशी यावे. खडा कुठपर्यंत पोचला? मागच्या रांगेत? पाहून झाला की कृपा करून परत पाठवा, परवा रिसोडलाही मला तो दाखवायचा आहे. आणि ज्यांच्या घरी खोल बोअर आहे त्यांनी एकेक लिटर पाणी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत भरून, तीवर गावाचे नाव आणि बोअरची खोली लिहून ठेवावी. तपासणीला कुठे पाठवायचे ते मी आता प्रश्नोत्तरांत सांगतो.